खाशाबांना न मिळालेला अर्धा तास

खाशाबा जाधवांनी हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये कांस्यपदक जिंकले ही गोष्ट आपल्याकडे शाळकरी मुलांनाही माहीत असते. स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक. तारीख २३ जुलै १९५२, फ्रीस्टाइल कुस्ती, वजनगट ५७ किलो. पण या पदकामागची एक हकिकत त्या मानाने कमी लोकांना ठाऊक आहे आणि डॉक्टर म्हणून मला तीच जास्त महत्त्वाची वाटते.

खाशाबांची जपानच्या शोहाची इशीशी कुस्ती झाली. ही लढत सुमारे पंधरा मिनिटे चालली आणि खाशाबा ती हरले. इशी पुढे सुवर्णपदक घेऊन गेला. खाशाबांच्या चरित्रात नेहमी सांगितले जाते ते असे की, या दमवणाऱ्या लढतीनंतर त्यांना लगेच सोव्हिएत रशियाच्या रशीद मामदबेकोवशी खेळायला बोलावले. दोन कुस्त्यांच्या मध्ये किमान अर्धा तास विश्रांती द्यायची असा नियम होता. पण तो नियम दाखवून भांडायला त्या वेळी तिथे एकही भारतीय अधिकारी हजर नव्हता. थकलेले खाशाबा मॅटवर उतरले आणि हरले. मामदबेकोवला रौप्य मिळाले, खाशाबांना कांस्य.

अर्धा तास म्हणजे काय मोठेसे? चहा पिऊन होईपर्यंत निघून जातो. मग त्या तीस मिनिटांत पैलवानाच्या दंडात आणि मांडीत असे काय घडते, की त्यासाठी नियम करावा लागला? या प्रश्नाचे नीट उत्तर त्या दिवशी हेलसिंकीतल्या कोणाकडेही नव्हते. स्नायू नेमका आकसतो कसा, हेच १९५२ साली जगात कोणाला ठाऊक नव्हते. ते कळले बरोबर दोन वर्षांनी.

आमच्या शहागडला पहाटे गोदावरीच्या पुलाकडच्या रस्त्याने पोलीस भरतीची आणि लष्कर भरतीची तयारी करणारी मुले धावताना दिसतात. त्यांतली काही दवाखान्यात येतात. प्रश्न ठरलेले असतात. "डॉक्टर, पाय भरून आलेत, लॅक्टिक अ‍ॅसिड झालंय का?" "किती दिवस सुट्टी घेऊ?" "पावडर घेऊ का?" या सगळ्या प्रश्नांची उत्तरे त्या अर्ध्या तासात दडलेली आहेत. म्हणून आज स्नायूंचा इतिहास थोडा सविस्तर पाहू.

स्नायूत वारा भरतो का?

दंड दुमडला की बेडकी फुगते. हे लहान मूलही आरशासमोर करून पाहते. त्यामुळे जुन्या वैद्यांना वाटले की स्नायूत काहीतरी भरले जात असावे. इ.स.पूर्व तिसऱ्या शतकातल्या एरासिस्ट्रेटस या ग्रीक वैद्याचे म्हणणे असे होते की, नसांतून एक प्रकारचा वायू स्नायूत येतो, स्नायू फुग्यासारखा रुंद होतो आणि म्हणून आखूड होतो. पुढे दुसऱ्या शतकात गॅलेन झाला. तो काही काळ ग्लॅडिएटरांचा वैद्य होता, म्हणजे आजच्या भाषेत स्पोर्ट्‌स डॉक्टरच. त्यानेही मेंदूतून नसांवाटे येणारी एक प्राणशक्ती स्नायूंना हलवते असेच मानले. हा विचार युरोपात सुमारे दीड हजार वर्षे टिकला.

आपल्याकडे सुश्रुतसंहितेत पेशींची, म्हणजे स्नायूंची, संख्या पाचशे दिली आहे. त्यांतल्या चारशे हातापायांत, सहासष्ट धडात आणि चौतीस मानेच्या वर. सांगाड्याला जोडलेले स्नायू आज आपण सहाशेच्या वर मोजतो. म्हणजे प्रेत उघडून, पाहून, हाताने मोजणाऱ्या त्या वैद्यांचा हिशेब अगदीच दूर नव्हता. सांधे, हाडे आणि शिरा यांना पेशींच्या आच्छादनामुळे बळ मिळते हेही तिथे नोंदवले आहे. पण स्नायू आकसतो कसा, हे नुसत्या डोळ्यांनी दिसणे शक्यच नव्हते.

फुग्याच्या कल्पनेला टाचणी लावली ती यान स्वामरडाम या डच संशोधकाने, १६६० च्या दशकात. त्याने बेडकाचा स्नायू एका बंद काचनळीत ठेवला. नळीचे टोक अगदी बारीक होते आणि त्यात पाण्याचा एक थेंब. स्नायू खरोखर फुगत असेल तर थेंब वर सरकायला हवा. त्याने नस डिवचली, स्नायू आकसला, पण थेंब वर गेला नाही. याचा अर्थ स्नायू आखूड होतो तेवढाच जाड होतो, त्यात बाहेरून काहीही भरले जात नाही. हा साधा, स्वस्त आणि निर्णायक प्रयोग त्याच्या मृत्यूनंतर पन्नासहून अधिक वर्षांनी छापून आला.

मग नसेतून येते काय? इटलीतल्या बोलोन्या शहरात लुईजी गाल्वानी बेडकांच्या पायांवर विजेचे प्रयोग करत होता. १७९१ मध्ये त्याने ते प्रसिद्ध केले. विजेची ठिणगी लागली की मेलेल्या बेडकाचा पायही झटका देतो. नसेतून वारा येत नाही, विजेसारखा संदेश येतो, हे तिथून हळूहळू स्पष्ट झाले.

लॅक्टिक अ‍ॅसिडची गोष्ट

संदेश कळला, पण जोर कुठून येतो? १९०७ मध्ये केंब्रिजच्या फ्लेचर आणि हॉपकिन्स यांनी दाखवले की बेडकाचा स्नायू दमेपर्यंत काम करतो तेव्हा त्यात लॅक्टिक अ‍ॅसिड साठते आणि प्राणवायू मिळाला की ते कमी होते. इंग्लंडचे ए. व्ही. हिल आणि जर्मनीचे ओटो मायरहोफ यांनी हे काम पुढे नेले. हिल स्वतः धावपटू होते आणि धावणाऱ्या माणसांवरही त्यांनी मोजमापे केली. १९२२ चे वैद्यकशास्त्राचे नोबेल या दोघांना मिळाले. त्या काळातला समज असा, की लॅक्टिक अ‍ॅसिड तयार होते म्हणून स्नायू आकसतो.

१९३० मध्ये डेन्मार्कच्या आयनर लुंड्सगार्ड यांनी एक विषारी रसायन देऊन स्नायूतले लॅक्टिक अ‍ॅसिड तयार होणेच बंद केले. स्नायू तरीही काही वेळ आकसत राहिला! म्हणजे लॅक्टिक अ‍ॅसिड हे कामाचे कारण नव्हते, ते वाटेत निघणारे द्रव्य होते. हिल यांचा मोठेपणा असा की नोबेल मिळवून दिलेली आपली कल्पना मोडली, हे त्यांनी १९३२ मध्ये उघड लेख लिहून मान्य केले आणि या बदलाला क्रांती म्हटले.

मग खरे इंधन कोणते? इथे एका भारतीयाचे नाव येते आणि ते आपल्याकडे फार कमी घेतले जाते. आंध्रातल्या भीमावरम येथे जन्मलेले डॉ. येल्लाप्रगडा सुब्बाराव हार्वर्डमध्ये सायरस फिस्क यांच्याबरोबर काम करत होते. या जोडीने १९२७ मध्ये स्नायूतले फॉस्फोक्रिएटिन ओळखले. त्याच सुमारास इंग्लंडमध्ये एगल्टन दांपत्यालाही तोच पदार्थ सापडला होता. १९२९ मध्ये एटीपी हा रेणू जर्मनीत कार्ल लोमान यांनी आणि स्वतंत्रपणे फिस्क–सुब्बाराव यांनी शोधला. स्नायू थेट जळतो तो एटीपीवर. फॉस्फोक्रिएटिन हा त्याच्या शेजारचा राखीव साठा. आज जिममध्ये डब्यांतून विकली जाणारी क्रिएटिनची पावडर ही त्याच शोधाची नात म्हणायला हरकत नाही.

२२ मे १९५४

इंधन कळले तरी यंत्र कळले नव्हते. दुसरे महायुद्ध चालू असताना हंगेरीतल्या सेगेड शहरात आल्बर्ट सेंट-ज्यॉर्जी आणि त्यांचे तरुण सहकारी स्नायूतली प्रथिने वेगळी काढत होते. मायोसिन हे प्रथिन एकोणिसाव्या शतकापासून माहीत होते. ब्रुनो श्ट्राउब यांनी त्याच्या जोडीचे अ‍ॅक्टिन शोधले. या दोन प्रथिनांचे धागे काचेवर ओढून त्यावर एटीपी टाकले की ते धागे आकसत. शरीराबाहेर, काचेवर, प्रथम दिसलेली ही जिवंतपणाची हालचाल होती.

तरीही बहुतेकांना वाटत होते की प्रथिनाचा धागाच स्प्रिंगसारखा गुंडाळला जातो आणि आखूड होतो. हे चुकीचे ठरले ते २२ मे १९५४ रोजी. 'नेचर' या साप्ताहिकाच्या त्या अंकात पाठोपाठ दोन शोधनिबंध छापले गेले. पहिला अँड्र्यू हक्सली आणि रोल्फ नीडरगेर्के यांचा, दुसरा ह्यू हक्सली आणि जीन हॅन्सन यांचा. दोन्ही हक्सली एकमेकांचे नातेवाईक नव्हते. दोन्ही गट स्वतंत्रपणे काम करत होते आणि दोघांना एकच गोष्ट दिसली होती.

सूक्ष्मदर्शकाखाली स्नायूच्या तंतूवर काळसर आणि फिकट पट्टे एकाआड एक दिसतात, फेट्यावरच्या पट्ट्यांसारखे. स्नायू आकसला तेव्हा काळसर पट्ट्याची रुंदी तेवढीच राहिली, फक्त फिकट पट्टा अरुंद झाला. याचा अर्थ कोणताही धागा आखूड होत नाही. मायोसिनचे जाड धागे आणि अ‍ॅक्टिनचे बारीक धागे एकमेकांत सरकतात.

विहिरीतून पोहरा शेंदताना आठवा. एक हात दोर धरतो, ओढतो, सोडतो, तोवर दुसरा हात पुढे धरतो. दोर आखूड होत नाही, तो फक्त सरकतो आणि पोहरा वर येतो. मायोसिनच्या धाग्यावर असे असंख्य छोटे हात असतात. ते अ‍ॅक्टिनचा दोर धरतात, ओढतात, सोडतात आणि पुन्हा पुढे धरतात. एका ओढीत सरकणे होते ते एका मिलिमीटरच्या लाखाव्या भागाएवढे किंवा त्याहूनही कमी. पण या दोन धाग्यांची जी एक खोली असते, सार्कोमिअर, ती जेमतेम अडीच मायक्रोमीटर लांब असते. म्हणजे दहा सेंटिमीटर लांबीच्या एका तंतूत अशा चाळीस हजार खोल्या एकापुढे एक. प्रत्येक खोली थोडीशी आखडली की हात उचलला जातो.

आता सगळ्यात गमतीचा भाग. एटीपी ओढण्यासाठी लागतेच, पण ते सोडण्यासाठीही लागते. नवा एटीपी रेणू येऊन चिकटल्याशिवाय मायोसिनचा हात अ‍ॅक्टिनचा दोर सोडत नाही. माणूस मेल्यावर काही तासांनी शरीर ताठ होते ते याच कारणाने. एटीपी संपलेले असते आणि सगळे हात धरलेल्या जागीच अडकून बसतात. जिवंत स्नायू ही वेळ येऊ देत नाही. साठा उतरायला लागला की तो आधीच मंद होतो. आपण त्याला दमणे म्हणतो. दमणे हे शरीराने लावलेले ब्रेक आहेत.

हुकूम कोण देतो?

मेंदूचा संदेश मज्जारज्जूतून नसेवाटे स्नायूपर्यंत येतो. तिथे नसेचे टोक अ‍ॅसिटिलकोलिन हे रसायन सोडते, स्नायूच्या तंतूवर विजेची लाट पसरते आणि आतल्या पिशव्यांतून कॅल्शियम बाहेर पडते. विश्रांतीच्या वेळी अ‍ॅक्टिनच्या दोरावर एक झाकण असते, त्यामुळे मायोसिनला तो पकडता येत नाही. कॅल्शियम आले की झाकण सरकते. जपानच्या सेत्सुरो एबाशी यांनी १९६० च्या दशकात या झाकणाची कळ शोधली आणि तिला ट्रोपोनिन हे नाव पडले. छातीत दुखू लागल्यावर आपण रक्ताची ट्रोपोनिन टेस्ट करतो ना, त्यातले ट्रोपोनिन हे हृदयाच्या स्नायूतले असेच प्रथिन. हृदयाचा स्नायू मेला की ते रक्तात उतरते. बेडकाच्या पायापासून सुरू झालेली वाट अशी आपल्या आयसीयूपर्यंत आली आहे.

काम संपले की कॅल्शियम पुन्हा पंपाने पिशवीत भरावे लागते. त्यालाही एटीपी लागते. म्हणजे पकड घेणे, पकड सोडणे आणि पुढच्या पकडीसाठी तयार होणे, तिन्हीचा खर्च एकाच खात्यातून.

ढाक मारताना काय होते?

खाशाबांचा हातखंडा डाव होता ढाक. प्रतिस्पर्ध्याचे डोके पकडीत घेऊन त्याला जमिनीवर फेकायचे. हा डाव स्नायूंच्या नजरेने पाहू.

पहिली गोष्ट, स्नायू फक्त ओढू शकतो. ढकलता त्याला येत नाही. मग आपण ढकलतो कसे? दंडाच्या मागचा स्नायू कोपराच्या मागचे हाड ओढतो, म्हणून हात सरळ होतो आणि समोरचा ढकलला जातो. प्रत्येक सांध्याभोवती असे विरुद्ध बाजूंना ओढणारे स्नायू असतात. एकाने ओढले की दुसऱ्याने सैल सोडायला हवे. नवख्या पैलवानाचे दोन्ही एकदमच ताठ होतात, म्हणून तो लवकर दमतो. वस्तादाच्या हाताखाली वर्षानुवर्षे घोटलेला डाव म्हणजे कोणी कधी ओढायचे आणि कोणी कधी सोडायचे याची मज्जासंस्थेत बसलेली घडी.

दुसरी गोष्ट, आकसणे तीन तऱ्हेचे असते. डोके पकडीत घट्ट धरले तेव्हा स्नायू जोर लावतो पण त्याची लांबी बदलत नाही. झटका देऊन फेकले तेव्हा तो जोर लावत आखूड होतो. आणि समोरचा आपल्याला खाली खेचत असताना आपण मांड्यांवर वजन पेलत हळूहळू खाली जातो, तेव्हा स्नायू जोर लावतो आणि तरीही लांब होत जातो. बैठक मारताना खाली जाणे, उतारावरून धावणे, उडी मारून जमिनीवर येणे ही सगळी तिसऱ्या प्रकारची कामे.

यांतला पहिला प्रकार, घट्ट धरून ठेवणे, दिसायला शांत असतो पण फार महाग पडतो. ताठ झालेला स्नायू स्वतःच्याच रक्तवाहिन्या दाबतो, त्यामुळे रक्त कमी पोहोचते. मुठीत नारळ धरून उभे राहा, कळेल. कुस्तीत असे घट्ट धरणे सतत चालते. म्हणून पंधरा मिनिटांची कुस्ती पंधरा मिनिटे धावण्यापेक्षा वेगळ्या तऱ्हेने दमवते.

त्या अर्ध्या तासात काय घडले असते?

स्नायूत तयार असलेले एटीपी पूर्ण जोर लावल्यास दोन-तीन सेकंद पुरते. फॉस्फोक्रिएटिनचा राखीव साठा धरून दहा सेकंदांच्या आसपास. त्यानंतर स्नायूतली साखर, म्हणजे ग्लायकोजेन, प्राणवायूविना आणि प्राणवायूसह वापरली जाते. १९६० च्या दशकात स्वीडनच्या योनास बर्गस्ट्रॉम आणि एरिक हल्टमन यांनी सुईने जिवंत माणसाच्या मांडीतला स्नायूचा कण काढून तपासायला सुरुवात केली, तेव्हा हे हिशेब बेडकावरून माणसावर आले.

कुस्ती संपल्यावर शरीर काय करते ते पाहा.

• पहिल्या अर्ध्या-एक मिनिटात फॉस्फोक्रिएटिनचा बराचसा साठा भरून निघू लागतो. साधारण तीन ते पाच मिनिटांत तो जवळपास पूर्ववत होतो. स्नायू फार आम्लधर्मी झाला असेल तर याहून जास्त वेळ लागतो.

• फॉस्फोक्रिएटिन फुटल्यावर मोकळा फॉस्फेट उरतो. तो साठला की मायोसिनची ओढ कमजोर होते आणि कॅल्शियमही नीट सुटत नाही. तीव्र थकव्याचे हे एक मुख्य कारण आज मानले जाते. साठा भरतो तसा हा फॉस्फेटही कमी होतो.

• रक्तातले लॅक्टेट निम्म्यावर यायला साधारण पंधरा ते पंचवीस मिनिटे लागतात. नुसते बसून राहण्यापेक्षा हळूहळू चालत राहिले तर ते लवकर उतरते. आणि ते कचरा नसते. हृदय आणि संथ स्नायूतंतू त्याचाच इंधन म्हणून वापर करतात.

• श्वास आणि नाडी खाली येतात, तापलेले शरीर निवते, पाणी पिता येते.

• ग्लायकोजेन मात्र अर्ध्या तासात भरत नाही. त्याला पोटभर जेवण आणि साधारण एक दिवस लागतो.

म्हणजे तीस मिनिटांची विश्रांती म्हणजे पूर्ण ताजेतवाने होणे नव्हे. पण झटका मारण्याची, डाव टाकण्याची ताकद ज्या साठ्यावर चालते तो साठा त्यात परत मिळतो. धावपटूला झटका शेवटच्या शंभर मीटरला लागतो, पैलवानाला दर डावाला. ज्याने तो नियम लिहिला त्याला फॉस्फेटचे गणित ठाऊक नव्हते, पण मॅटवरच्या अनुभवाने तो बरोबर आकड्याजवळ पोहोचला होता. खाशाबांच्या वाट्याला ती तीस मिनिटे आली असती तर पदकाचा रंग बदलला असता का, हे शरीरशास्त्र ठरवू शकत नाही. समोरचा पैलवानही जागतिक दर्जाचा होता. पण लढत बरोबरीच्या अटींवर झाली नाही, एवढे नक्की सांगता येते.

आखाड्याला काय माहीत होते?

आपले आखाडे या सगळ्या संशोधनाच्या कितीतरी आधीपासून चालू होते. जोर, बैठका, मुद्गल, मल्लखांब, जोड धरून लढती. मेहनत झाली की मालीश, थंडाई, भरपूर खाणे आणि झोप. हा क्रम आजच्या विज्ञानाशी बराचसा जुळतो. स्नायू व्यायामात वाढत नाही, व्यायामानंतरच्या विश्रांतीत वाढतो.

एक समज मात्र बदलायला हवा. पहिल्या दिवशी दोनशे बैठका मारल्या की दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी जिना उतरता येत नाही. हे लॅक्टिक अ‍ॅसिडमुळे नसते, ते तर तास-दोन तासांत उतरलेले असते. १९०२ मध्येच थिओडोर हफ या अमेरिकन संशोधकाने सुचवले होते की हे दुखणे स्नायूच्या आतल्या बारीक इजेमुळे असावे. आज आपल्याला माहीत आहे की लांब होत जोर लावण्याच्या कामात ही इजा जास्त होते. म्हणजे बैठकीत उठताना लागणारा दम जास्त जाणवतो, पण दुसऱ्या दिवशीचे दुखणे मुख्यतः खाली जाण्याने येते. इजा भरून निघताना तंतू अशा कामासाठी आधीपेक्षा कणखर होतात. म्हणून दुखणे हळूहळू कमी होत जाते.

भरतीची तयारी करणाऱ्यांसाठी

१. वेगाच्या दोन फेऱ्यांमध्ये तीन ते पाच मिनिटे सावकाश चाला. दम लागलेला असतानाच पुढची फेरी मारली तर वेगाचा सराव होत नाही, फक्त दमण्याचा होतो.

२. भारी मेहनतीनंतर त्याच स्नायूंना एक-दोन दिवस हलके काम द्या. सोळाशे मीटर रोज पूर्ण वेगाने धावून वेळ सुधारत नाही.

३. व्यायाम झाल्यावर तास-दोन तासांत नीट जेवा. भाकरी, भात, डाळ, दूध, केळी, शेंगदाणे. ग्लायकोजेन भरायला महागडा डबा लागत नाही. क्रिएटिनची पावडर काहींना उपयोगी पडते, पण मूत्रपिंडाचा त्रास असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नका.

४. बरेच दिवस बंद असलेला व्यायाम एकदम पूर्ण जोराने, तोही उन्हात सुरू करू नका. स्नायू मोठ्या प्रमाणात फुटले तर त्यातले मायोग्लोबिन रक्तात उतरून मूत्रपिंडे बंद पडू शकतात. १९४१ मध्ये लंडनवरच्या बॉम्बहल्ल्यांत ढिगाऱ्याखाली दबलेल्या लोकांमध्ये एरिक बायवॉटर्स आणि डेसमंड बील यांनी हे वर्णन केले. तेच अति व्यायामानेही होते. स्नायू खूप सुजले, फार अशक्तपणा आला आणि लघवी कोऱ्या चहासारखी किंवा काळपट झाली, तर घरी थांबू नका. त्याच दिवशी रुग्णालयात जा.

आणि एक विनंती जत्रेतल्या कुस्त्यांच्या पंचांना आणि शाळांच्या कबड्डी-खोखो स्पर्धा भरवणाऱ्यांना. एकाच मुलाला दिवसात तीन-चार सामने खेळावे लागतात. वेळापत्रक लिहिताना मधला वेळ सोडा आणि तो कागदावर लिहून ठेवा. गर्दी ओरडत असते, पुढची जोडी तयार असते, अंधार पडत असतो, आणि त्या घाईत विश्रांतीच प्रथम कापली जाते. दमलेल्या मुलाच्या बाजूने बोलणारा कोणीतरी मोठा माणूस तिथे हवा.

खाशाबांच्या बाजूने हेलसिंकीत तसे कोणी नव्हते. तिथे पोहोचण्यासाठी मात्र बरेच जण उभे राहिले होते. कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजच्या प्राचार्य खर्डेकरांनी घर गहाण ठेवून सात हजार रुपये दिले होते. परतल्यावर कराड भागात शंभराहून अधिक बैलगाड्यांची मिरवणूक निघाली. त्यानंतर खाशाबांनी कुस्त्या भरवून लोकांचे पैसे फेडले. १९५५ मध्ये ते पोलीस दलात सब-इन्स्पेक्टर म्हणून लागले. १४ ऑगस्ट १९८४ रोजी अपघातात त्यांचे निधन झाले आणि अर्जुन पुरस्कार मिळाला तो त्यानंतर. कष्ट करणाऱ्या शरीराचा हिशेब आपण नेहमी उशिरा करतो. निदान विश्रांतीचा हिशेब तरी वेळेवर करू या.